नऊ ट्रॅक, नऊ तऱ्हा आणि एकच पत्रा

इंग्लंडच्या थ्रॉबिंग ग्रिसल या इंडस्ट्रियल, म्हणजे यंत्रं, धातू आणि गोंगाटातून संगीत करणाऱ्या बँडचा १९७९ सालचा एक अल्बम आहे, '२० जॅझ फंक ग्रेट्स'. त्यात ट्रॅक वीस नाहीत, अकरा आहेत, आणि जॅझ-फंक औषधालाही नाही. आहे ती एक थंडगार डिस्को, एक गुळगुळीत संथ तुकडा, ठेक्याशिवाय नुसता घोंघावत राहणारा एक ट्रॅक आणि ऐकताना अंग चोरून घ्यावंसं वाटेल असं एक गाणं. एवढं सगळं असूनही अल्बम विस्कटत नाही. माणसं तीच चार आणि यंत्रंही मोजकी, हे त्याचं मोठं कारण. बँडमधल्या क्रिस कार्टर यांनी इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदिष्टांसाठीच्या मासिकात छापलेल्या सर्किटवरून 'ग्रिसलायझर' नावाचा इफेक्ट बनवला होता. या बँडच्या हातात गिटार असो, कॉर्नेट असो की गळा, त्या डब्यातून जाऊन आलेला आवाज लगेच ओळखू येतो.

असा बहुरंगी इंडस्ट्रियल अल्बम करायचा म्हणजे दर ट्रॅकला नवी सॅम्पल पॅक (टिपलेल्या आवाजांचा तयार संच), नवा रिव्हर्ब (खोलीची घुमार), नवं डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणं) असा एक समज आहे. तसं केलं की अल्बम उरत नाही, संकलन होतं. शैली हवी तेवढी बदलावी. नादाचा उगम, मूळ स्वर, डिस्टॉर्शन आणि खोली मात्र पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्या ट्रॅकपर्यंत तीच ठेवावी. पुढचा सगळा मजकूर नऊ ट्रॅकचा, साधारण ४० मिनिटांचा अल्बम डोळ्यापुढे ठेवून लिहिला आहे.

आधी धातू

बर्लिनच्या आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेननी पत्रे, पिंपं, स्प्रिंगा वाजवायला सुरुवात केली त्याला आता चार दशकं उलटून गेली. धातू बडवण्यात नावीन्य काही राहिलेलं नाही. तरी घाव स्वतःच टिपावेत, कारण तयार पॅकमधला प्रत्येक घाव वेगळ्या खोलीत, वेगळ्या माइकने घेतलेला आणि आधीच कॉम्प्रेस केलेला, म्हणजे लहान-मोठ्यातला फरक दाबलेला असतो. त्यांची मोट बांधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात आपले दोनशे घाव रेकॉर्ड होतात.

एक पत्रा, एक नळी, एक लांब स्प्रिंग आणि एक साखळी पुरे. पत्रा १ मिलिमीटर जाडीचा, ६० × ९० सेंटिमीटरच्या आसपास. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा थरथरून गडगडाट देतो, ३ मिलिमीटरचा घंटेकडे झुकतो. मधला दोन्हीकडे वळवता येतो. वरच्या कडेला दोन भोकं पाडून तो नायलॉनच्या दोरीने टांगायचा. तारेने टांगला तर तारच खणखणते आणि ती खणखण नंतर काढता येत नाही.

नळी कुठे टांगली यावर सगळं अवलंबून असतं. दोन्ही टोकं मोकळी असलेली नळी किंवा सळई मूळ कंपनात असते तेव्हा टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवरची जागा स्थिर राहते. १ मीटरची नळी असेल तर दोन्हीकडून २२.४ सेंटिमीटरवर दोरी बांधा. मधोमध बांधली की मूळ स्वर दबतो आणि नुसता 'टक्' ऐकू येतो. नळी कापून स्वर चढवायचा असेल तर तारेचं गणित इथे चालत नाही. वारंवारता लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे नळी निम्मी केली तर स्वर दोन सप्तकं वर जातो. एकच सप्तक चढवायचं तर १ मीटरची नळी ७०.७ सेंटिमीटर करावी लागते, आणि एक सेमीटोन (पियानोची एक पट्टी) चढवायला ३ सेंटिमीटरपेक्षाही थोडंसं कमीच कापायचं असतं.

माइक दोन लावावेत. कंडेन्सर पत्र्यापासून ४० सेंटिमीटरवर, जरा तिरका, माइकवरचं पॅड (आवाजाची पातळी उतरवणारा खटका) चालू. दुसरा पिएझो चकतीचा कॉन्टॅक्ट माइक, पत्र्यालाच चिकटवलेला. रेकॉर्डिंग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर करायचं आणि सगळ्यात जोराचा घाव −१२ डेसिबलच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. घावाचा पहिला क्षण इतका छोटा असतो की बऱ्याच मीटरना तो पूर्ण दिसतच नाही. म्हणून एवढी जागा मोकळी सोडायची.

पिएझोचा आवाज पातळ येतो, डब्यात बोलल्यासारखा येतो, ही तक्रार नेहमीची आहे. बहुतेक वेळा चकती निर्दोष असते, इनपुट चुकीचं असतं. २७ मिलिमीटरची चकती विजेच्या दृष्टीने साधारण २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर असते. ती १० किलोओहमच्या लाइन इनपुटला जोडली की दोघांचा मिळून हाय-पास फिल्टर बनतो आणि सुमारे ८०० हर्ट्झखालचा आवाज कापला जातो. तीच चकती १ मेगाओहमच्या गिटार इनपुटला लावली की ही सीमा ८ हर्ट्झवर येते आणि पत्र्याचा खर्ज अख्खा मिळतो. सोल्डरिंग आयर्न चकतीच्या पांढऱ्या भागावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नये, सिरॅमिक तापून निकामी होतं. पितळी बाजू केबलच्या जाळीला जोडावी, उलट जोडली तर पत्र्याला हात लावताच गुणगुण वाढते. जोरदार घावाला चकती काही व्होल्टचा झटका देऊ शकते. प्रीअँप महागाचा असेल तर ५.१ व्होल्टचे दोन झेनर डायोड पाठीला पाठ लावून चकतीला समांतर जोडून टाकावेत.

घाव देण्यासाठी रबरी हातोडा, लाकडी दांडा, लोखंडी सळई, आणि जमल्यास राळ लावलेला व्हायोलिनचा बो, कडेवरून ओढायला. प्रत्येक जागी तीन जोर, प्रत्येक जोराचे पाच घाव. पाच एवढ्यासाठी की सॅम्पलरमध्ये (टिपलेले आवाज वाजवणाऱ्या यंत्रात) ते आळीपाळीने वाजले की मशिनगनसारखा एकसुरी ताशा होत नाही. प्रत्येक घाव पूर्ण विरू द्यावा, मगच पुढचा. शेवटी २० सेकंदांची नुसती शांतता टिपून ठेवावी, पुढे खरखर काढायला तीच कामी येते. कानात प्लग हवेतच. जवळून मारलेल्या लोखंडाचा झटका हेडफोन लावलेल्या माणसाला उशिरा कळतो, कानाला मात्र लगेच लागतो.

पत्र्याचा सा

इथे बहुतेक जण घाई करतात. धातूचे उपस्वर तारेसारखे दुप्पट, तिप्पट, चौपट नसतात. मोकळ्या नळीचे दुसरे-तिसरे कंपन मूळ स्वराच्या २.७६ आणि ५.४० पट असतात. २.७६ पट म्हणजे साधारण साडेसतरा सेमीटोन, पियानोच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे. त्यामुळे सिंथेसायझरवर नीटस मायनर कॉर्ड धरून वर नळी वाजवली की काहीतरी नासल्याचा भास होतो. मग माणूस रिव्हर्ब वाढवतो आणि नासकेपणा खोलीभर पसरतो.

त्यापेक्षा स्वर धातूलाच विचारावा. घाव पडल्यानंतर एका सेकंदाने स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरमध्ये काय टिकून आहे ते बघा. पहिल्या क्षणाला सर्वात मोठी दिसणारी रेघ बहुधा लगेच मरते. कानात राहतो तो टिकणारा स्वर. समजा तो २३३ हर्ट्झ निघाला. आता अल्बमचा स्वर ठरला. त्याच्या दोन सप्तकं खाली ५८ हर्ट्झ, तिथे किक (खर्जाचा ड्रम) बसवायची. तरी सगळे ट्रॅक एकाच पट्टीत नेण्याची गरज नाही. हा स्वर एका ट्रॅकमध्ये षड्ज धरा. दुसऱ्यात त्याला पंचम धरा, मग षड्ज १५५ हर्ट्झवर येतो. तिसऱ्यात मध्यम धरा, षड्ज १७५ वर जातो. पत्रा आणि किक हलत नाहीत, बेसलाइन आणि सुरावट त्यांच्याभोवती फिरते. तीन पट्ट्या मिळतात आणि तळ एकच राहतो. जिथे उपस्वर फारच भांडतो तिथे अरुंद इक्यूने (ठरावीक वारंवारता उचलणाऱ्या-कापणाऱ्या साधनाने) ६ ते ९ डेसिबल कापावं, किंवा मागे धरलेल्या सिंथच्या स्वरांत फक्त षड्ज आणि पंचम ठेवून गंधार गाळावा. मला दुसरा उपाय आवडतो. गंधार नसला की गाणं खुशीचं की दुःखाचं हे ऐकणाऱ्याला चटकन ठरवता येत नाही, आणि या संगीताला तो अधांतर मानवतो.

सॅम्पलरमध्ये घाव एक सप्तक खाली आणला की त्याची लांबी दुप्पट होते आणि वरचा आवाज निम्म्यावर येतो. २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकणारा माइक असेल तर खाली आणलेल्या घावात १० किलोहर्ट्झच्या वर काहीच उरत नाही, आवाज घोंगडीखालचा वाटतो. ९६ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करण्याचा खरा फायदा इथे आहे, पण तो माइकही तेवढं वर ऐकत असेल तरच.

जुन्या सॅम्पलरचा खरखरीतपणा हवा असेल तर आकडे माहीत असावेत. ई-म्यू कंपनीचा एसपी-१२०० हा १९८७ सालचा सॅम्पलर १२ बिट आणि २६.०४ किलोहर्ट्झवर चालायचा. म्हणजे वरची मर्यादा १३ किलोहर्ट्झ, आणि आवाजाच्या पायऱ्या १६ बिटच्या ६५,५३६ ऐवजी ४,०९६. घाव छान चरचरीत होतो. बिघडते ती शेपूट. आवाज विरत जातो तसतशा पायऱ्या कमी पडतात आणि शेवटी नुसती वाळू ऐकू येते. उपाय असा की शेपूट आधी कॉम्प्रेस करायची, मग बिट कमी करायचे आणि त्यानंतर एन्व्हेलपने (आवाजाच्या चढ-उताराच्या आराखड्याने) ती पुन्हा विरवायची.

डिस्टॉर्शन एकच, मात्रा वेगळ्या

हार्डवेअर असो वा सॉफ्टवेअर, अल्बमभर एकच डिस्टॉर्शन निवडावं आणि त्याच्या दोन सेटिंग ठरवून लिहून ठेवाव्यात: एक हलकी, एक निर्दय. वैविध्य आणायचं ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या इक्यूने. आधी १ किलोहर्ट्झला ६ डेसिबल उचललं की डिस्टॉर्शन तिथेच जास्त चावतं आणि धातू किंचाळतो. आधी १५० हर्ट्झखाली कापलं की तेच डिस्टॉर्शन सुटसुटीत वाटतं. नंतर ८ किलोहर्ट्झच्या आसपास लो-पास (त्यावरचा आवाज कापणारा फिल्टर) जवळजवळ नेहमीच लागतो. मोठा आवाज कानाला आपोआप बरा वाटतो. म्हणून इफेक्ट चालू-बंद करून तुलना करताना दोन्हीची पातळी सारखी हवी, नाहीतर प्रत्येक वेळी 'आणखी थोडं' असाच कौल मिळतो.

सॉफ्टवेअरमध्ये ओव्हरसॅम्पलिंग (आतल्या आत जास्त सॅम्पल रेटवर हिशेब करणं) नसेल तर वेगळीच भानगड होते. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झचा आहे आणि पत्र्यात १० किलोहर्ट्झचा उपस्वर आहे असं धरा. डिस्टॉर्शनने त्याचा तिप्पट, म्हणजे ३० किलोहर्ट्झ तयार होतो, तो ४८ च्या निम्म्यात, म्हणजे २४ मध्ये, मावत नाही म्हणून दुमडून १८ वर येतो. पाचपट म्हणजे ५० किलोहर्ट्झ दुमडून थेट २ किलोहर्ट्झवर येतो, जिथे कान सगळ्यात जागा असतो आणि ज्याचा आपल्या २३३ शी काही संबंध नसतो. ८ पट ओव्हरसॅम्पलिंग लावलं की हे बरंचसं जातं. हा घाणेरडेपणाच आवडत असेल तर खुशाल ठेवावा, मात्र अल्बमभर ठेवावा.

किक अख्खी डिस्टॉर्शनमध्ये घातली की तळ जातो, हे नवख्यांचं हमखास दुखणं. १२० हर्ट्झवर किक दोन भागांत तोडावी. खालचा भाग स्वच्छ ५८ हर्ट्झची साइन, वरचा भाग डिस्टॉर्शनमधून. दोन्ही एकत्र ऐकताना एकाची पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटवून बघावी. उलटवल्यावर तळ वाढला तर आधीची जुळणी चुकलेली होती. असमान क्लिपिंग करणारं (लाटेची वरची-खालची टोकं कमी-जास्त कापणारं) डिस्टॉर्शन असेल तर डीसी ऑफसेट उरतो आणि लाट मधल्या रेषेच्या वर किंवा खाली सरकलेली दिसते. नंतर २५ हर्ट्झवर हाय-पास लावला नाही तर मास्टरिंगमधला, शिखरं रोखणारा लिमिटर एका बाजूलाच आपटत राहतो.

गळा

शब्द कळायला हवेत की नकोत हे आधी ठरवा. हवे असतील तर क्रम असा: ४:१ वर ६ ते ८ डेसिबल कॉम्प्रेशन, मग डी-एसर ('स'-'श'चा फुत्कार दाबणारा), मग डिस्टॉर्शन, मग ६-७ किलोहर्ट्झवर लो-पास. डी-एसर डिस्टॉर्शनच्या नंतर लावला तर उपयोग नाही. तोवर 'स' आणि 'श' तळून निघालेले असतात. स्वच्छ आवाजाची एक प्रत घेऊन तिच्यात फक्त २.५ ते ५ किलोहर्ट्झ ठेवा आणि ती मुख्य आवाजाच्या १२ डेसिबल खाली मिसळा. व्यंजनं परत येतात, आणि ही प्रत बाजूला आहे हे कोणाला कळतही नाही.

रिंग मॉड्युलेटर (दोन वारंवारतांची बेरीज आणि वजाबाकी ऐकवणारा इफेक्ट) वापरायचा असेल तर त्याची वारंवारता पत्र्याच्या स्वरावर ठेवा. २३३ वर ठेवल्यास गळ्यातल्या ४०० हर्ट्झचे ६३३ आणि १६७ होतात. आवाज माणसाचा राहत नाही पण अल्बमच्या बाहेरही जात नाही.

खोली

सगळ्या ट्रॅकना एकच इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे एखाद्या जागेच्या घुमण्याचा टिपलेला ठसा. जिना, रिकामं गोदाम, पाण्याची कोरडी टाकी, काहीही चालेल. स्पीकरवरून २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झचा २० सेकंदांचा साइन स्वीप वाजवून रेकॉर्ड करायचा आणि डीकॉन्व्होल्यूशनने (मूळ स्वीप गणिताने वेगळा काढून) त्यातून इम्पल्स काढायचा. फुगा फोडूनही काम होतं, फक्त खर्ज कमी मिळतो. बंद टाकीत स्वतः उतरू नये, आत हवा कशी आहे ते वरून कळत नाही. माइक आणि छोटा स्पीकर दोरीने सोडावा. मिळालेला इम्पल्स ३ सेकंदांवर फेड करा, २०० हर्ट्झखाली कापा, प्री-डीले (घुमार सुरू होण्याआधीची उसंत) ३० मिलिसेकंद. ट्रॅकनुसार फक्त मात्रा बदलायची.

तऱ्हा

पाया असा पक्का झाला की शैलीत मनमानी करता येते. नाचायच्या ट्रॅकला १२५ बीपीएम (मिनिटाला ठोके) आणि सोळाव्या हिश्श्याचा बेस: एक सोळावा हिस्सा १२० मिलिसेकंदांचा, त्यात नोट ६० ते ७० मिलिसेकंदच वाजवायची. नोटा एकमेकींना चिकटल्या की ठेका गाळात रुततो. ड्युसेलडॉर्फच्या डीएएफ या बँडकडे सीक्वेन्सरचा ताठ बेस असायचा आणि त्यावर रॉबर्ट ग्योर्ल हाताने ड्रम वाजवायचे. ती ओढाताण आजही ऐकण्यासारखी आहे. म्हणून बेस ग्रिडवर काटेकोर ठेवा आणि पत्र्याचे घाव हाताने वाजवून तसेच राहू द्या, क्वांटाइझ करू नका, म्हणजे ग्रिडवर ओढू नका.

यंत्राच्या लूपवरचा ट्रॅक असेल तर लय यंत्राकडून घ्यावी. ५.२ सेकंदांत ८ फेरे होत असतील तर लय ९२.३ बीपीएम. प्रोजेक्ट त्या आकड्यावर ठेवा. लूपला ओढून ९० किंवा १०० वर बसवलं तर टाइम-स्ट्रेचमुळे प्रत्येक ठोक्याची धार बोथट होते. वेग बदलायचाच असेल तर लूप ठोक्याठोक्यावर कापून तुकडे सरकवावेत.

ठेका नसलेल्या ट्रॅकला पत्र्याची १० सेकंदांची शेपूट ८ पट ताणली की ८० सेकंदांचा ड्रोन मिळतो. इथे टाइम-स्ट्रेचचा धूसरपणा हवाच असतो. एकच थर घातला तर मिनिटभरात कान तो ऐकायचं सोडून देतो. दुसरा थर ३ ते ५ सेंट (सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली उतरवून ठेवला की दोघांत संथ हिंदोळा तयार होतो. हळू गाण्याला ७० ते ७६ बीपीएम, किक मोजकी, साखळी हाय-हॅटच्या जागी, आणि डिस्टॉर्शनची हलकी सेटिंग. एक ट्रॅक तरी असा असावा ज्यात निर्दय सेटिंग अजिबात नाही, नाहीतर ती बाकीच्या ट्रॅकमध्ये बोचेनाशी होते.

क्रम आणि मास्टर

विनाइल काढायची शक्यता असेल तर क्रम कानाने ठरवण्याआधी खोबणीचा विचार करावा. १२ इंची रेकॉर्ड ३३⅓ फेऱ्यांवर फिरताना सुईखालून बाहेरच्या कडेला सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खोबण जाते, आतल्या टोकाला जेमतेम २१. आत वरचे स्वर फाटतात. म्हणून खणखणीत, कर्कश ट्रॅक बाजूच्या सुरुवातीला आणि ड्रोन शेवटी. दर बाजूला २० मिनिटांच्या आसपास. १५० हर्ट्झखालचा आवाज मोनो ठेवावा.

सगळे ट्रॅक सारखे मोठे करू नयेत. आधी सर्वात दणदणीत ट्रॅक मास्टर करा आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बसवा. ड्रोन ५-६ एलयू (जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप, एक एलयू म्हणजे एक डेसिबल) खाली राहिला तरी चालेल. स्पॉटिफाय सरासरी −१४ एलयूएफएसवर (तेच माप, डिजिटल कमाल पातळीपासून मोजलेलं) आणतं, म्हणजे −८ वर दिलेला ट्रॅक ६ डेसिबल खाली ओढला जातो. अल्बम सलग ऐकला तर सगळ्यांना एकच कपात लागते आणि शांत ट्रॅक शांतच राहतो. प्लेलिस्टमध्ये मात्र प्रत्येक ट्रॅकचं वेगळं मोजमाप होतं. एवढा दणका ठेवायचा असेल तर ट्रू पीक (लाटेचं खरं शिखर) −२ वर थांबवावा, कारण सतत गोंगाट असलेला आवाज कॉम्प्रेस्ड फॉरमॅटमध्ये गेला की त्याची शिखरं वाढतात.

फाइल द्यायच्या आधी प्रत्येक ट्रॅक १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये काढून पत्र्याच्या शेपटा ऐकाव्यात. त्या पाण्यात बुडाल्यासारख्या डुचमळत असतील तर मूळ मिक्समध्ये रिव्हर्बच्या बसवर (सगळी घुमार एकत्र येते त्या वाटेवर) १० किलोहर्ट्झपासून उतरता लो-पास लावा, ताशातल्या साखळीचा फेडर २ डेसिबल खाली घ्या आणि पुन्हा एमपी३ काढून तोच तुकडा ऐका.